रमाईंची पाच मुले

पोफळीच्या आमच्या बौद्धवाडीत दरवर्षी ७ फेब्रुवारीला माता रमाईंची जयंती होते. सकाळी पंचशील ध्वज, मग त्रिशरण-पंचशील, दुपारी लहान मुलांची भाषणे आणि संध्याकाळी मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांपैकी कोणाचे तरी दोन शब्द. मुलांची भाषणे ठरलेली असतात. रमाईंनी शेण्या थापल्या, रमाईंनी उपास काढले, बाळाच्या अंगावर घालायला कापड नव्हते म्हणून लुगड्याचा तुकडा फाडला. पाठ केलेले भाषण मुले एका दमात म्हणतात, आया पदराने डोळे पुसतात, टाळ्या होतात आणि खाऊ वाटला जातो.

काही वर्षांपूर्वी वाडीतल्या एका सुनेचे पाच महिन्यांचे बाळ गेले. भेटायला आलेल्या बायांनी तिला समजावले की रमाईची चार गेली, तरी ती माउली खचली नाही, मग तू कशाला एवढी रडतेस. बायांच्या मनात वाईट काही नव्हते. पण पुढच्या जयंतीला ती सून विहारात आली नाही. आम्ही वाडीत मुलांचे संस्कार वर्ग घेतो, त्यामुळे हे आम्हाला चांगलेच लागले. बाळ गेलेल्या आईला ज्या आईकडून सर्वात जास्त आधार मिळायला हवा, तिचेच नाव आपण तिला गप्प करायला वापरले. त्या वर्षापासून आम्ही मुलांना रमाईंचे चरित्र सांगताना त्यांच्या घरापासून सुरुवात करतो. त्या घरात कोण कोण होते, किती माणसे किती जागेत राहत होती, बाळे कशी वाढत होती आणि का दगावत होती, हे सांगतो.

रमाईंचे माहेर आपल्याच जिल्ह्यातले. पोफळीहून चिपळूण, खेड करत दापोलीला गेले की वणंद जवळच. तिथे भिकू धुत्रे आणि रुक्मिणी यांच्या घरी १८९८ साली रमी जन्मली. वडील दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. मुली तीन आणि शंकर नावाचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, मग वडीलही गेले. पोरक्या मुलांना नातेवाइकांनी मुंबईला भायखळ्याला नेले. भाऊबहिणीला सांभाळणारी रमी तेव्हा स्वतःच सांभाळण्याच्या वयाची होती. आमच्या वर्गातल्या मुली इथे हमखास मान डोलावतात. आई मजुरीला गेली की धाकट्याला कडेवर घेऊन शाळेत येणाऱ्या मुली आमच्याकडे आजही आहेत.

१९०६ साली तिचे लग्न सुभेदार रामजी सकपाळांच्या भिवाशी झाले. जागा होती भायखळ्याची मंडई. दिवसाचा बाजार उठल्यावर रात्री उघड्या छपराखाली एका बाजूला वऱ्हाडी आणि दुसऱ्या बाजूला मुलीकडची माणसे बसली. बसायला मंडईतले दगडी ओटे आणि खालून वाहणारे गटाराचे पाणी. नवरा हायस्कुलात शिकत होता आणि नवरी आठ-नऊ वर्षांची होती. हा बालविवाह होता. बाबासाहेबांच्या घरातला म्हणून त्याला दुसरे नाव देण्याचे कारण नाही. तो काळ तसा होता आणि त्या काळाशी पुढे त्याच नवऱ्याने झुंज घेतली, असे आम्ही मुलांना सरळ सांगतो.

सासरचे घर कबीरपंथी. रामजीबाबा पहाटे उठायचे, संध्याकाळी भजन-पाठ झाल्याशिवाय मुलांना झोपू द्यायचे नाहीत. त्या घरात मीराआत्या होती. पाठीला कुबड असलेली, आई गेल्यावर भिवाला पोटच्या मुलासारखे वाढवणारी. थोरले दीर, जावा, त्यांची मुले असे मोठे खटले होते. रमी त्या घरात सून म्हणून आली खरी, पण आधी तिथे लेक म्हणून वाढली. लिहा-वाचायला थोडेबहुत शिकली तेही तिथेच, नवऱ्याकडून. नवरा तिला रामू म्हणायचा आणि ती त्याला साहेब.

१२ डिसेंबर १९१२ रोजी यशवंतचा जन्म झाला. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तोच २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजीबाबा गेले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये बाबासाहेब बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला निघाले, तेव्हा यशवंत सहा महिन्यांचा होता. ते १९१७ साली परतले. पुढे सिडनहॅम कॉलेजात सव्वा-दीड वर्ष प्राध्यापकी करून जुलै १९२० मध्ये लंडनला गेले, ते एप्रिल १९२३ मध्ये आले. आम्ही एकदा मुलांकडून हा हिशेब फळ्यावर करून घेतला. यशवंत दहा वर्षांचा झाला, तेव्हा त्यातली जवळजवळ सात वर्षे वडील समुद्रापलीकडे होते. एक मुलगा पटकन म्हणाला की माझे बाबा पण मुंबईलाच असतात. कोकणातल्या मुलांना ही गोष्ट फार समजावून सांगावी लागत नाही. गणपती-शिमग्याला आणि भीमजयंतीला दिसणारा बाप त्यांना ठाऊक आहे. फरक इतकाच की त्यांचा बाप आता रोज रात्री व्हिडिओ कॉल करतो. रमाईंकडे येत होती ती पत्रे, तीही बोटीने.

हे घर परळला बी.आय.टी. चाळीत होते. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, संडास मजल्यासाठी सामाईक. या चाळींची कथाही सांगण्याजोगी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, गिरणगावातल्या दाट वस्त्यांत माणसे पटापट मेली, म्हणून सरकारने १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि त्या ट्रस्टने या चाळी बांधल्या. म्हणजे रमाईंचा जन्म आणि त्या ट्रस्टचा जन्म एकाच सालचा. दोन खोल्यांत बाबासाहेबांची पुस्तके, चूल, जळण आणि माणसे. थोरले दीर आनंदराव वारल्यावर त्यांची पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगा मुकुंद यांचाही संसार याच घरात होता. दोघी जावांनी मिळून तो ओढला. लक्ष्मीबाईंचे नाव आपल्या भाषणांत येत नाही, ते यायला हवे असे आम्हाला वाटते. एकट्या बाईने घर चालवले असे म्हणायला भारदस्त वाटते, पण गरिबाचे घर कधी एकट्याने चालत नाही.

महिन्याचे पैसे हातात आले की रमाई त्यांच्या तीस पुड्या बांधत, असे सांगतात. रोज एकच पुडी सोडायची. घरात कोणी आजारी पडले तर त्यासाठी थोडे आधीच बाजूला काढलेले असायचे. आमच्या बचत गटातल्या बायांना ही गोष्ट सर्वात आवडते. शेण्यांच्या गोष्टीने त्यांच्या डोळ्यांत पाणी येते, पण पुड्यांची गोष्ट ऐकून त्या हसतात आणि लगेच आपापल्या घरातले डबे मोजू लागतात. रमाई अर्थशास्त्रज्ञाच्या घरचे अर्थकारण सांभाळत होत्या, असे कोणी म्हटले तर ती नुसती कोटी नाही.

यशवंतच्या पाठीवर त्या घरात गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही मुले जन्मली. चौघेही लहानपणीच गेले. शेवटचा राजरत्न, बाबासाहेबांचा फार लाडका. तो जुलै १९२६ मध्ये गेला. त्यानंतर महिन्याभराने बाबासाहेबांनी आपले स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले. तीन मुलगे आणि एक मुलगी मातीआड केल्याचे दुःख त्यात आहे आणि जगण्यातली चवच गेल्याची कबुलीही आहे. ज्याच्या धैर्याचे आपण पोवाडे गातो, तो बाप लेकरासाठी असा कोसळला होता. मग रमाई रडल्या नसतील, हे आपण कशावरून ठरवतो? त्या खचल्या, आजारी पडल्या, त्यांची प्रकृती पुन्हा कधी नीट सावरली नाही. न रडणारी रमाई आपण भाषणांत तयार केली आहे.

मुले का गेली, याचे उत्तर नशिबात शोधू नये म्हणून आम्ही मोठ्यांच्या बैठकीत मुंबईचे १९२१ चे आकडे सांगतो. त्या वर्षीच्या नोंदींप्रमाणे एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत जन्मलेल्या हजार बाळांमागे आठशेहून जास्त बाळे वर्षाच्या आत गेली. दोन खोल्यांच्या घरांत हा आकडा सव्वातीनशेच्या आसपास आणि चार किंवा जास्त खोल्यांच्या घरांत सव्वाशे-दीडशेच्या दरम्यान होता. त्या काळी जन्माच्या नोंदी कच्च्या असायच्या, पुष्कळ बाळंतपणे गावी व्हायची, त्यामुळे आठशेचा आकडा फुगलेला आहे हे खरे. तरी भिंतीमागे भिंत वाढली की बाळ वाचण्याची शक्यता कशी वाढत जाते, हे त्यातून उघड दिसते. त्या काळात ना बीसीजी, ना त्रिगुणी लस, ना अंगणवाडीचा वजनकाटा. न्यूमोनियावर औषध नव्हते, पेनिसिलीन यायला अजून दीड तप होते. रमाईंनी मुले समाजाला अर्पण केली हे वाक्य आम्ही आता मुलांच्या भाषणातून काढून टाकले आहे. कुठलीही आई मूल अर्पण करत नाही. ती मुले गरिबीने, गर्दीने आणि औषध नसल्याने नेली. वाडीतल्या काही ज्येष्ठांना हे रुचले नाही. यामुळे रमाईंचा त्याग लहान होतो, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.

मुलांचा आणखी एक प्रश्न दरवर्षी येतो. रमाई बौद्ध होत्या का? आपल्या घरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या शेजारी त्यांचा फोटो असतो, म्हणून मुलांना तसे वाटणे साहजिक आहे. खरे उत्तर असे की रमाईंनी बुद्धवंदना म्हटलेली नाही. त्या गेल्यावर एकवीस वर्षांनी नागपूरची धम्मदीक्षा झाली. त्या श्रद्धाळू होत्या, शनिवारचा उपास धरायच्या, पंढरपूरला जाण्याची त्यांची फार इच्छा होती. जिथे आपल्याला पायरीशी थांबवतात तिथे कशाला जायचे, आपण आपली वेगळी पंढरी उभी करू, अशी बाबासाहेबांनी त्यांची समजूत घातली. हे सांगताना काही कार्यकर्ते अवघडतात. आम्हाला अवघडण्यासारखे काही दिसत नाही. आपल्या सर्वांच्या आज्या-पणज्या तशाच होत्या. ज्या बाईच्या पदरची चार लेकरे गेली, तिने उरलेल्या एकासाठी कोणापुढे हात जोडले असतील, तर त्यात आपण लाज का मानावी? आणि ज्या देवाच्या दारात तिला पायरीच्या वर जागा नव्हती, त्या दाराकडे पाठ फिरवण्याची सुरुवातही नवरा-बायकोच्या त्या बोलण्यातच आहे.

धारवाडची हकिकत तर प्रत्येक घरात माहीत आहे. तिथल्या वराळ्यांच्या वसतिगृहात रमाई काही दिवस राहायला गेल्या होत्या. मुलांचा आवाज येईना म्हणून चौकशी केली, तेव्हा कळले की धान्य संपले आहे आणि अनुदान यायला अजून दिवस आहेत. त्यांनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या, बाजार आला, चूल पेटली. या गोष्टीचा शेवट आपण बांगड्यांवर करतो. आमच्या मनात राहते ती आधीची गोष्ट, आवाज येईना हे त्यांच्या लक्षात आले ती. खेळणारी पोरे गप्प झाली की आईच्या कानाला ते आधी कळते.

१९३० नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे राहिले आणि चाळीतला संसार तिथे गेला. आता जागा होती, हवा होती, पुस्तकांना स्वतंत्र दालन होते. पण रमाई तोवर अंथरुणाला खिळल्या होत्या. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांनी प्राण सोडला. वय अवघे सदतीस. वरळीच्या स्मशानभूमीपर्यंत हजारो माणसे चालत गेली. पाच वर्षांनी बाबासाहेबांचा पाकिस्तानवरचा ग्रंथ निघाला, तो त्यांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केला.

पाचांपैकी वाचलेला यशवंतही लहानपणी सतत आजारी असायचा. तोच पुढे भैय्यासाहेब झाला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर भारतीय बौद्ध महासभेची जबाबदारी त्यांनी उचलली आणि १७ सप्टेंबर १९७७ पर्यंत ती निभावली. आपल्या घरात आज बाळाचे नामकरण भिक्खू किंवा बौद्धाचार्य करतात, त्रिशरण-पंचशील होते, खीर वाटली जाते. ही रीत गावोगाव पोचवणाऱ्यांत रमाईंचा हा एकच जगलेला मुलगा आघाडीवर होता.

यंदा जयंतीला आम्ही मुलांना भाषणाऐवजी घर मांडायला सांगितले. विहारात खडूने दोन खोल्या आखल्या. एका खोलीत पुस्तके, दुसरीत चूल, लक्ष्मीबाई, मुकुंद, पाण्याची घागर, आणि कागदाच्या तीस पुड्या. यशवंत व्हायला चार मुलगे भांडले. इंदूला बोलायचे काहीच नव्हते म्हणून तिचे काम कोणी घेईना. शेवटी पाच बाळांसाठी पाच झबली दोरीवर वाळत घालायची असे ठरले. झबली गोळा करायला मुली घरोघर फिरल्या. त्या सुनेच्या दारात जावे की नाही, यावर आम्ही बराच वेळ घोटाळलो होतो. मुली आम्हाला न विचारताच गेल्या होत्या. तिने पेटीतून पिवळे झबले काढून दिले आणि संध्याकाळी ते दोरीवर नीट लावले आहे का, ते बघायला ती स्वतः आली.