बहिणाबाई चौधरी
बहिणाबाई नथुजी चौधरी (जन्म : २४ ऑगस्ट १८८० ही रूढ तारीख, मृत्यू : ३ डिसेंबर १९५१) या खान्देशातील ख्यातनाम मराठी कवयित्री होत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची सर्व रचना मौखिक असून ती त्यांच्या निधनानंतर पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. संत तुकारामांच्या शिष्या असलेल्या सतराव्या शतकातील संत बहिणाबाई या वेगळ्या.

जीवन
बहिणाबाईंचा जन्म जळगावजवळील असोदे या गावी महाजन घराण्यात झाला. वडिलांचे नाव उखाजी व आईचे नाव भीमाबाई. तीन भाऊ व तीन बहिणी असा त्यांचा परिवार होता. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना ओंकार व सोपानदेव हे दोन मुलगे आणि काशी ही मुलगी झाली.

वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांना वैधव्य आले. मुले लहान होती. पुढे प्लेगच्या साथीत ओंकार यांना कायमचे अपंगत्व आले. शेती, घर आणि मुले यांचा भार त्यांनी कष्टाने पेलला. या दुःखाचे पडसाद त्यांच्या काव्यात उमटले आहेत. मात्र त्यात हताशपणा नाही. वैधव्यावरील एका रचनेत त्या हात पाहून भविष्य सांगणाऱ्या ज्योतिष्याला दारी येऊ नकोस असे बजावतात. दैवाला शरण न जाता श्रमावर विश्वास ठेवणारी ही वृत्ती त्यांच्या बहुतेक कवितांत दिसते.

काव्यरचना
जात्यावर दळताना, शेतात राबताना आणि घरकाम करताना बहिणाबाई गाणी रचीत व गात. ओवीच्या वळणाची ही रचना लेवा पाटीदार समाजाच्या बोलीत आहे. ही बोली खान्देशातीलच अहिराणीपेक्षा निराळी आहे. पेरणी, कापणी, मळणी, माहेर, संसार, आखाजी (अक्षय तृतीया) व गुढीपाडव्यासारखे सण, भोवतालची माणसे हे त्यांचे विषय होत. सुगरणीच्या घरट्यात त्यांना कष्टाळू आईचे कौशल्य दिसते, तर माणसाचे अनावर मन त्यांना उभ्या पिकात शिरणाऱ्या ढोरासारखे वाटते. त्यांच्या उपमा पोथीतून आलेल्या नसून शेताच्या बांधावरून आलेल्या आहेत.

छापखाना या नव्या यंत्रावरही त्यांनी कविता रचली. अक्षर न ओळखणाऱ्या या स्त्रीला कागदावर उमटणाऱ्या अक्षरांचे कुतूहल होते. परंतु तिचे स्वतःचे गाणे पुस्तकात छापले गेलेले पाहण्याचा योग तिच्या आयुष्यात आला नाही.

कवितांचे जतन व प्रकाशन
बहिणाबाईंचे पुत्र सोपानदेव चौधरी हे स्वतः कवी होते. त्यांनी व त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी बहिणाबाईंची गाणी वेळोवेळी ऐकून उतरवून घेतली. जी गाणी त्या क्षणी कोणी लिहून घेतली नाहीत, ती त्यांच्याबरोबरच लोपली. बहिणाबाईंच्या निधनानंतर सोपानदेवांनी हे टिपण आचार्य प्र. के. अत्रे यांना दाखविले. त्याचे मोल ओळखून अत्र्यांनी ते प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरला. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. एका शेतकरी कुटुंबापुरते राहिलेले काव्य त्यामुळे अवघ्या महाराष्ट्राचे झाले.

स्मृती व सन्मान
बोलीत रचना करणाऱ्या शेतकरी कवीला समाजाने आपला मानल्याचे प्रसिद्ध उदाहरण स्कॉटलंडमध्ये आढळते. तेथील रॉबर्ट बर्न्स (१७५९–१७९६) हे कुळाने शेती करणाऱ्याचे पुत्र. त्यांनी स्कॉट्स बोलीत काव्य लिहिले. १८०१ साली त्यांच्या मित्रांनी त्यांच्या जन्मघरी स्मृतिभोजन केले. पुढे २५ जानेवारी या जन्मदिनी असे भोजन करण्याची प्रथा जगभर पसरली. त्यात हॅगिस हा मांसाचा पदार्थ वाढून बर्न्स यांच्या कविता म्हटल्या जातात. दोघांत एक मोठा भेद आहे. बर्न्स साक्षर होते व त्यांचा पहिला संग्रह १७८६ साली, त्यांच्या हयातीतच निघाला. बहिणाबाईंच्या बाबतीत मात्र ऐकणाऱ्याने लेखणी हाती घेतली नसती, तर स्मरण करण्याजोगे काही मागे उरलेच नसते.

बहिणाबाईंच्या स्मरणार्थ असे एखादे ठरावीक भोजन नाही. त्यांची आठवण मुख्यतः गाण्यातून व पाठ्यपुस्तकांतून जपली गेली. अनंत माने यांच्या ‘मानिनी’ (१९६१) या चित्रपटात त्यांच्या रचना वसंत पवार यांच्या संगीतात आल्या आणि घरोघरी पोहोचल्या. शालेय पाठ्यपुस्तकांत त्यांच्या कविता समाविष्ट झाल्याने अनेक पिढ्यांना त्या मुखोद्गत आहेत. जळगावातील चौधरी वाड्यात त्यांच्या वापरातील वस्तूंचे ‘बहिणाई स्मृती’ हे संग्रहालय आहे. चिंचवड येथील प्राणिसंग्रहालयालाही त्यांचे नाव आहे. १९९० साली स्थापन झालेल्या जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे २०१८ साली ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ असे नामांतर करण्यात आले. शाळेची पायरी न चढलेल्या कवयित्रीचे नाव आज तेथील पदवीधरांच्या पदवीपत्रावर असते.