विश्लेषण : रस्ते अपघात रोखणाऱ्या डॉ. हॅडन यांचा बंदुकींवरील संशोधनाशी काय संबंध?

बंदुकीच्या गोळीने होणाऱ्या मृत्यूंच्या संशोधनाला सरकारी पैसा द्यावा का, यावर अमेरिकेत तीन दशके वाद सुरू आहे. या संशोधनामागचा मूळ विचार मात्र मोटार अपघातांच्या अभ्यासातून आला. तो रुजवण्यात डॉ. विल्यम हॅडन यांचा मोठा वाटा होता.

हॅडन कोण होते?

न्यू जर्सी राज्यात १९२६ मध्ये जन्मलेल्या हॅडन यांनी हार्वर्डमधून वैद्यकीय आणि नंतर सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. पुढे ते न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात रुजू झाले. अपघात म्हणजे चालकाची चूक किंवा नशिबाचा भाग, असे तेव्हा मानले जाई. साथीच्या रोगाप्रमाणे अपघाताचीही कारणे शोधता येतात, असे हॅडन यांचे मत होते.

मॅनहॅटनमध्ये त्यांनी काय केले?

मोटारीच्या धडकेत पादचारी जिथे मरण पावला, त्याच जागी, त्याच वारी आणि त्याच वेळी त्यांचे पथक जाऊन उभे राही. तिथून जाणाऱ्यांची माहिती घेतली जाई, श्वासातील मद्याचे प्रमाण तपासले जाई. मृतांची आणि या लोकांची तुलना केल्यावर वृद्ध आणि मद्यपान केलेले पादचारी जास्त धोक्यात असल्याचे दिसले. हा अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे त्यांनी नऊ चौकटींचा एक तक्ता मांडला. अपघातापूर्वी, अपघाताच्या क्षणी आणि अपघातानंतर, या तीन टप्प्यांवर माणूस, वाहन आणि परिसर यांत काय बदलता येईल, हे त्यातून तपासता येते. माणूस चुकणारच, पण त्या चुकीने जीव जाऊ नये, हे त्याचे सार.

सरकारी निधीने काय साधले?

१९६६ मध्ये अमेरिकेत रस्त्यांवर सुमारे ५० हजार बळी गेले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाहतूक सुरक्षेच्या कायद्यांवर सही केली आणि नव्या सरकारी यंत्रणेची सूत्रे हॅडन यांच्याकडे सोपवली. १९६८ पासून नव्या मोटारींना सुरक्षेचे निकष लागू झाले. १९७५ पासून प्रत्येक जीवघेण्या अपघाताची देशपातळीवर नोंद होऊ लागली. १९६६ मध्ये दर १० कोटी मैल वाहतुकीमागे साडेपाच मृत्यू होत. पन्नास वर्षांत हे प्रमाण सव्वाच्या खाली आले. त्यासाठी मोटारींवर बंदी घालावी लागली नाही.

बंदुकीचा विषय कुठून आला?

इजा होते ती शरीरावर अचानक आदळणाऱ्या ऊर्जेमुळे, असे हॅडन सांगत. मग ती ऊर्जा मोटारीची असो वा गोळीची. १९७० मधील त्यांच्या गाजलेल्या लेखात बंदुकीच्या दारूचेही उदाहरण होते. मार्च १९८५ मध्ये वयाच्या ५८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने, म्हणजे सीडीसीने, इजांच्या संशोधनाला निधी देण्यास सुरुवात केली. त्यात बंदुकीही आल्या. घरात बंदूक असल्यास घरातील व्यक्तीच्या हत्येचा धोका जवळपास तिप्पट असतो, असा निष्कर्ष सीडीसीच्या निधीतून झालेल्या एका अभ्यासाने १९९३ मध्ये मांडला.

निधी का थांबला?

नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेने या संशोधनाला कडाडून विरोध केला. १९९६ मध्ये रिपब्लिकन खासदार जे डिकी यांच्या पुढाकाराने अर्थसंकल्पात एक अट आली : सीडीसीचा इजा प्रतिबंधाचा निधी बंदूक नियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरता येणार नाही. संशोधनावर थेट बंदी नव्हती. मात्र बंदुकींच्या अभ्यासावर खर्च होणारे २६ लाख डॉलर मेंदूच्या दुखापतींच्या संशोधनाकडे वळवले गेले. सीडीसीने धसका घेतला आणि हे काम जवळपास थंडावले.

आज काय स्थिती आहे?

आपल्या भूमिकेचा डिकी यांना पुढे पश्चात्ताप झाला; २०१२ मध्ये त्यांनी या संशोधनाचा जाहीर पुरस्कार केला. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या वर्षी अमेरिकेत बंदुकीने ३९,७७३ जीव घेतले. हा आकडा रस्ते अपघातांतील बळींपेक्षा जास्त होता. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकी संसदेने या संशोधनासाठी २.५ कोटी डॉलर मंजूर केले. १९९६ची ती अट मात्र तेव्हाही कायम ठेवण्यात आली. मोटारींच्या बाबतीत अर्धशतकापूर्वी सुरू झालेले काम बंदुकींच्या बाबतीत वीसहून अधिक वर्षे रखडले, ते असे.