मार्शल झुकोव्ह आणि क्रेमलिनमधलं टेबल

होस्टेलवर युद्धाचे सिनेमे बघणाऱ्यांची कमी नाही. नॉर्मंडीचा किनारा, पॅराशूटने उतरणारे अमेरिकन, जीप, सिगरेटी, सगळं आपल्याला पाठ आहे. पण जर्मन सैन्याचं कंबरडं ज्या पूर्व आघाडीवर मोडलं, ती या सिनेमांत फारशी नसतेच. तिथे मॉस्को, स्टालिनग्राड, कुर्स्क आणि बर्लिन या चारही लढायांत एक नाव पुन्हा पुन्हा येतं, ते म्हणजे गिओर्गी झुकोव्ह. मी त्याच्याविषयी वाचायला लागले ती रणगाड्यांच्या लढायांसाठी. पण शेवटी अडकले एका वेगळ्याच प्रश्नात. एवढ्या मोठ्या सैन्याला हुकूम नेमका देत कोण होतं? आणि ज्याला देश तारणारा म्हणून डोक्यावर घेतलं, त्यालाच दोनदा कोपऱ्यात का टाकलं?

झुकोव्हचा जन्म 1 डिसेंबर 1896 चा, कलुगा प्रांतातल्या स्त्रेल्कोव्का नावाच्या खेड्यातला. बाप जोडे शिवायचा, आई मिळेल ती मजुरी करायची. गावच्या शाळेत जेमतेम शिक्षण झालं आणि पोराला मॉस्कोत मामाकडे धाडलं. मामाचा फरचे कपडे शिवण्याचा कारखाना होता. तिथे मार खात खात तो फरचा कारागीर झाला. 1915 मध्ये झारच्या घोडदळात भरती झाली, पहिल्या महायुद्धात शौर्याची दोन पदकं मिळाली. 1917 ला क्रांती झाली आणि 1918 मध्ये हा लाल सैन्यात गेला. पुढच्याच वर्षी पक्षाचा सभासद.

हे लाल सैन्य होतं कसं, ते इथेच सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. सैन्य उभं केलं ट्रॉट्स्कीने. कम्युनिस्टांकडे कार्यकर्ते भरपूर होते, पण फौज हाकणारे अधिकारी नव्हते. म्हणून त्याने झारच्या जुन्या हजारो अधिकाऱ्यांनाच कामाला लावलं. आता यांच्यावर विश्वास कोण ठेवणार? मग प्रत्येक मोठ्या अधिकाऱ्याच्या शेजारी पक्षाचा एक माणूस बसवला, तो कमिसार. अधिकाऱ्याच्या हुकमावर कमिसारचीही सही लागायची. म्हणजे एका तुकडीला दोन मालक. युद्ध नीट चाललं नाही की कमिसारचा अधिकार कमी करायचा आणि पक्षाला सैन्याची भीती वाटली की वाढवायचा, असा खेळ पुढे वीस-पंचवीस वर्षं चालू राहिला. 1937 मध्ये कमिसार परत आले, 1940 मध्ये फिनलंडच्या युद्धात नाचक्की झाल्यावर गेले, जुलै 1941 मध्ये पुन्हा आले!

1937 साल तर भयंकर. स्टॅलिनने आपल्याच सेनापतींना देशद्रोही ठरवून मारलं. तेव्हा देशात पाच मार्शल होते. त्यातल्या तुखाचेव्हस्कीला आणि येगोरोव्हला गोळी घातली, ब्ल्युखेर तुरुंगात मेला. वरच्या खुर्च्या अशा भराभर रिकाम्या झाल्या आणि खालची माणसं भराभर वर गेली. झुकोव्ह त्यातलाच एक. पण त्याच्याकडे खरोखर काहीतरी होतं, हे 1939 च्या ऑगस्टमध्ये दिसलं. मंगोलियाच्या सीमेवर खाल्खिन-गोल नदीजवळ त्याने जपानी सैन्याला दोन्ही बाजूंनी रणगाडे घालून वेढलं आणि संपवलं. यानंतर तो स्टॅलिनच्या नजरेत भरला. फेब्रुवारी 1941 मध्ये तो जनरल स्टाफचा प्रमुख झाला. स्टाफचं काम त्याला मुळीच आवडत नसे, त्याला मैदान हवं होतं.

आणि मग 22 जून 1941. जर्मनी हल्ला करणार अशा खबरा कितीतरी आधीपासून येत होत्या. पण स्टॅलिनला वाटायचं की हे आपल्याला भडकवायला चाललंय. आदल्या संध्याकाळी झुकोव्ह आणि संरक्षण खात्याचा प्रमुख तिमोशेन्को यांनी सैन्याला सावध करण्याचा हुकूम द्यायची परवानगी मागितली. ती मिळाली, पण भडकावणीला उत्तर देऊ नका अशा अटी घालून. मध्यरात्रीनंतर तो हुकूम निघाला आणि कितीतरी तुकड्यांना मिळायच्या आत बॉम्ब पडायला सुरुवात झाली. पहाटे झुकोव्हने फोन करून स्टॅलिनला झोपेतून उठवलं. लाखोंचं सैन्य सीमेवर उभं, सेनापती जागे, आणि प्रतिकार करू का हे विचारायला एका माणसाला उठवावं लागतं!

दुसऱ्या दिवशी, 23 जूनला, सर्वोच्च सूत्रं हलवायला एक मंडळ नेमलं, त्याचं नाव स्टावका. हा झारच्या काळातलाच शब्द. त्यात झुकोव्ह होता, स्टॅलिन होता, आणि अध्यक्ष होता तिमोशेन्को. कागदावर ठीक दिसतं. पण तिमोशेन्कोच्या हातात काय होतं? स्टॅलिनच्या होकाराशिवाय त्याला एक हुकूमही काढता येत नसे. झुकोव्हने पुढे आठवणींत लिहिलंय की त्या दिवसांत सैन्याला दोन सरसेनापती होते, एक नावाचा आणि एक खरा. मग आठवड्याभरात, 30 जूनला, राज्य संरक्षण समिती निघाली. तिचे पाच सभासद आणि त्यात एकही व्यावसायिक सेनापती नाही. व्होरोशिलोव्ह मार्शल होता खरा, पण तो मुळात पक्षाचा माणूस. सैन्य, कारखाने, रेल्वे, धान्य, सगळ्यांवर या समितीचा शब्द शेवटचा. 10 जुलैला स्टॅलिन स्टावकाचा अध्यक्ष झाला, 19 जुलैला संरक्षण खातं त्याने स्वतःकडे घेतलं आणि 8 ऑगस्टला सर्वोच्च सेनापती झाला. पक्षाचा प्रमुख तो आधीपासून होताच आणि मे महिन्यापासून सरकारचाही. दीड महिन्यात देशातल्या सगळ्या वायरी एका टेबलाला येऊन मिळाल्या.

स्टावका म्हटलं की मोठी इमारत, भिंतीवर नकाशे, धावपळ करणारे अधिकारी असं डोळ्यांसमोर येतं. तसं नव्हतं. मंडळाच्या पूर्ण बैठका क्वचितच होत. स्टॅलिन ज्याला हवं त्याला बोलवायचा, ठरवायचा, आणि हुकूम स्टावकाच्या नावाने जायचा. तिचे हातपाय म्हणजे जनरल स्टाफ. आघाड्यांवरून आलेली माहिती स्टाफ गोळा करी आणि दिवसातून तीनदा स्टॅलिनला सांगे. सकाळी उशिरा फोनवर, दुपारी चार-पाचच्या सुमारास पुन्हा फोनवर आणि रात्री उशिरा प्रत्यक्ष नकाशे घेऊन, क्रेमलिनमध्ये नाहीतर त्याच्या बंगल्यावर. 1942 च्या शेवटी अंतोनोव्ह नावाचा अधिकारी स्टाफमध्ये आला. तो तीन रंगांच्या फायली नेत असे. लाल फायलीत लगेच सही हवी असे हुकूम, निळीत त्याहून कमी घाईचे आणि हिरवीत बढत्या नि पदकं. हिरवी फाईल साहेबांचा मूड बघून काढायची. (आपल्याकडे सबमिशनच्या फायली घेऊन सरांच्या केबिनबाहेर घुटमळणाऱ्यांना ही युक्ती नवीन नाही.) स्टॅलिन पहाटेपर्यंत जागणारा, म्हणून सगळा देशच पहाटेपर्यंत जागा. मंत्री, कारखान्यांचे प्रमुख, सेनापती, कुणाचाच फोनपासून हलण्याचा धीर होत नसे.

या पद्धतीचा फायदा होता, हे मान्य करायला हवं. राखीव फौज कुठे पाठवायची आणि रणगाड्यांचा कारखाना उरलमध्ये कधी हलवायचा, हे एकाच टेबलावर ठरत होतं. खात्याखात्यांत पत्रव्यवहार करत बसायची गरज नव्हती. पण त्या टेबलावरचा माणूस चुकला तर? सर्किटमध्ये एकच स्विच ठेवला की काय होतं ते आपण लॅबमध्ये रोज बघतो.

तो चुकलाच. जुलै 1941 च्या शेवटी झुकोव्हने नकाशा पुढे ठेवून सांगितलं की कीव्ह शहर सोडून सैन्य नदीच्या मागे घ्या, नाहीतर ते वेढलं जाईल. स्टॅलिन भडकला. झुकोव्हच्या आठवणींनुसार, माझं म्हणणं मूर्खपणाचं वाटत असेल तर मला या पदावरून मोकळं करा, असं त्याने सुनावलं. आणि त्याला मोकळं केलंही! राखीव आघाडीवर पाठवलं, पण स्टावकातलं नाव मात्र काढलं नाही. सप्टेंबरमध्ये कीव्हभोवती वेढा पडला. साडेसहा लाखांहून जास्त सैनिक कैद केल्याचा दावा जर्मनांनी केला. त्या आघाडीचा सेनापती किर्पोनोस वेढ्यातून निघताना मारला गेला. मला तर झुकोव्हच्या सगळ्या विजयांपेक्षा हा प्रसंग मोठा वाटतो. काही वर्षांपूर्वी तीन मार्शल संपवणाऱ्या माणसासमोर उभं राहून नाही म्हणायचं, हे सोपं नव्हतं.

पुढचं बहुतेकांना ठाऊक असतं. सप्टेंबरमध्ये लेनिनग्राड, ऑक्टोबरमध्ये मॉस्को. 5 डिसेंबरपासून मॉस्कोसमोरून जर्मनांना मागे रेटायला सुरुवात झाली. ऑगस्ट 1942 मध्ये तो उपसर्वोच्च सेनापती झाला, म्हणजे थेट स्टॅलिनच्या खालोखाल. त्याच वर्षी 9 ऑक्टोबरला कमिसारांची दुहेरी सही बंद झाली. हार समोर दिसायला लागल्यावर पक्षाने सेनापतींवर भरवसा ठेवला. पण पूर्ण नाही बरं का! प्रत्येक आघाडीच्या युद्धमंडळात पक्षाचा एक सभासद राहिलाच. त्यातलाच एक निकिता ख्रुश्चेव्ह, आधी कीव्हच्या आघाडीवर आणि मग स्टालिनग्राडला. हे नाव लक्षात ठेवा.

आता स्टावकाने नवी रीत काढली. मोठी मोहीम दोन-तीन आघाड्यांची मिळून असायची, म्हणून त्यांचा मेळ घालायला स्टावकाचा प्रतिनिधी तिथे जायचा. हे काम मुख्यतः झुकोव्ह आणि वासिलेव्हस्की या दोघांचं. स्टालिनग्राडच्या वेढ्याची आखणी या दोघांनी केली आणि 19 नोव्हेंबर 1942 ला तो हल्ला सुरू झाला. पण प्रतिनिधी झाला तरी दोर मॉस्कोच्या हातात. रोज अहवाल पाठवायचाच. ऑगस्ट 1943 मध्ये वासिलेव्हस्कीचा अहवाल उशिरा पोचला, तर स्टॅलिनने तारेने त्याला असं झापलं की पुन्हा विसरलास तर काढून टाकीन.

झुकोव्ह काही देव नव्हता. स्टालिनग्राडच्याच दिवसांत त्याच्या देखरेखीखाली र्झेव्हजवळ दुसरा मोठा हल्ला झाला. तो साफ फसला, माणसं प्रचंड मेली आणि सोव्हिएत पुस्तकांनी त्याविषयी अनेक वर्षं तोंड उघडलं नाही. माणसांच्या जिवाची त्याला फार किंमत नव्हती, हा आरोप मला खोडता येत नाही. 1954 मध्ये तोत्स्कोये इथे खरा अणुबॉम्ब टाकून सुमारे 45 हजार सैनिकांची कवायत घेतली, तीही त्याच्याच देखरेखीखाली.

विजय जवळ आला तसं स्टॅलिनने त्याला थोडं खाली ओढलं. नोव्हेंबर 1944 मध्ये आघाड्यांचा मेळ घालण्याचं काम स्टॅलिनने स्वतःकडे घेतलं आणि झुकोव्हला एका आघाडीचा सेनापती केलं. बर्लिनच्या वेळी झुकोव्ह आणि कोनेव्ह या दोघांच्या मधली सीमारेषा स्टॅलिनने नकाशावर अर्ध्यातच सोडून दिली. म्हणजे पुढे जो आधी पोचेल त्याचं शहर. दोन सेनापतींची शर्यत लावली की दोघेही टेबलाकडेच बघत राहतात! बर्लिन पडलं, शरणागतीच्या कागदावर झुकोव्हने सही केली आणि 24 जून 1945 ला लाल चौकात पांढऱ्या घोड्यावर बसून त्याने विजयाची परेड स्वीकारली.

वर्षभरात, जून 1946 मध्ये, त्याच्यावर बैठक बसली. विमानदलाच्या प्रमुखाला अटक करून त्याच्याकडून झुकोव्हविरुद्ध जबानी लिहून घेतली होती. विजयाचं श्रेय स्वतःकडे घेतो, असा मुख्य ठपका. ओडेसाला बदली. 1948 मध्ये त्याच्या बंगल्याची झडती झाली. जर्मनीतून आणलेले गालिचे, चित्रं आणि फरच्या कातड्यांचे ढीग सापडले. (फरचा कारागीर शेवटी!) बदली आणखी लांब, उरलला.

स्टॅलिन मार्च 1953 मध्ये गेला आणि झुकोव्ह परतला. जूनमध्ये गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याला क्रेमलिनमध्येच पकडलं, तेव्हा शेजारच्या खोलीतून आत शिरलेल्या अधिकाऱ्यांत तो होता. 1955 मध्ये संरक्षणमंत्री. 1957 च्या सुरुवातीला तो भारतातही येऊन गेला. त्याच वर्षी जूनमध्ये ख्रुश्चेव्हला जुन्या नेत्यांनी काढायचं ठरवलं, तेव्हा झुकोव्हने लष्करी विमानं पाठवून देशभरातून केंद्रीय समितीचे सभासद मॉस्कोत आणले आणि ख्रुश्चेव्ह वाचला.

ख्रुश्चेव्हने यातून काय धडा घेतला असेल? जो वाचवू शकतो तो काढूही शकतो. ऑक्टोबरमध्ये झुकोव्हला जहाजाने युगोस्लाव्हिया आणि अल्बानियाच्या दौऱ्यावर पाठवलं. तो परतला त्याच दिवशी, 26 ऑक्टोबरला, मंत्रिपद गेलं. आरोप असे होते की सैन्यातली पक्षाची कामं तो कमी करतोय, राजकीय अधिकाऱ्यांना जुमानत नाही आणि केंद्रीय समितीला न कळवता घातपाताचं शिक्षण देणारी शाळा काढली. नेपोलियन होऊ बघतोय, असंही म्हटलं गेलं. यावेळी मात्र आरोप अगदीच हवेतले नव्हते. युद्धात एकच हुकूम हवा हे तो शिकला होता आणि शांततेतही तेच चालवू पाहत होता. त्याच्याविरुद्ध वर्तमानपत्रात लेख आला कोनेव्हच्या नावाने, बर्लिनच्या शर्यतीतल्या त्याच कोनेव्हच्या.

नंतर तो घरी बसून लिहीत राहिला. आठवणींचं पुस्तक 1969 मध्ये निघालं, तेही बरीच कापाकापी होऊन. 1937 सालाविषयी लिहिलेलं बरंच गाळलं होतं. उलट एक मजकूर घुसडावा लागला, तो असा की 1943 मध्ये काळ्या समुद्राच्या बाजूला गेला असताना त्याला ब्रेझनेव्ह नावाच्या कर्नलचा सल्ला घ्यायचा होता, पण तो आघाडीवर होता म्हणून भेट झाली नाही. हा कर्नल एका सैन्याच्या राजकीय विभागाचा प्रमुख होता आणि पुस्तक छापायच्या वेळी अख्ख्या देशाचा. देशाच्या उपसर्वोच्च सेनापतीला एका राजकीय कर्नलचा सल्ला हवा होता, हे वाचून तेव्हाचे निवृत्त सैनिक हसले असणार. झुकोव्ह 18 जून 1974 ला वारला. कापलेला मजकूर त्याच्या हस्तलिखितावरून पुस्तकात परत घातला गेला, तोवर 1990 साल उजाडलं होतं.