सदासजीव गाडीचे जनक : फर्डिनांड पोर्श

पेट्रोलचे दर वाढले कीं वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात, हें आमच्या विद्यार्थी वाचकांनीं घरोघर पाहिलें असेल. पेट्रोल व वीज या दोहोंवर चालणाऱ्या, ज्यांस हायब्रिड म्हणतात त्या, मोटारी ही अगदीं अलीकडची युक्ति होय अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तसली एक गाडी १९०० सालींच व्हिएन्ना शहरीं तयार झाली होती. तिच्या कर्त्याचें अल्पचरित्र येथें देण्याचें आम्ही योजिलें आहे.

फर्डिनांड पोर्श यांचा जन्म ता. ३ सप्टेंबर १८७५ रोजीं बोहेमिया प्रांतांतील माफर्सडोर्फ या गांवीं झाला. हा प्रांत तेव्हां ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यांत मोडे. आतां तें गांव चेक प्रजासत्ताकांत आहे. वडील पत्र्याचें काम करीत, व मुलानें तोच धंदा पुढें चालवावा अशी त्यांची इच्छा होती. मुलाचें चित्त मात्र विजेकडे! दिवसा वडिलांच्या हाताखालीं राबावें व रात्रीं राइशेनबर्गच्या औद्योगिक शाळेंत जाऊन बसावें, असा त्याचा क्रम असे. पुढें स्वतः जोडणी करून त्यानें घरांत विजेचे दिवे लावले. १८९३ सालीं तो व्हिएन्नास एका विजेच्या कारखान्यांत नोकरीस लागला. परीक्षा देऊन मिळविलेली पदवी पोर्श यांच्यापाशीं कधींच नव्हती.

व्हिएन्नांतील लोनर हे घोडागाड्या बांधणारे नांवाजलेले कारखानदार. पेट्रोलच्या गाड्यांचा आवाज व दुर्गंधि त्यांना नकोशी वाटे, म्हणून त्यांना विजेची गाडी हवी होती. पोर्श यांनीं विजेची मोटर थेट पुढच्या चाकांच्या तुंब्यांतच बसविली. त्यामुळें सांखळी नको, दांतेरी चक्रांची पेटी नको. ही गाडी १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत गाजली. पण एक अडचण उरलीच. तिच्यांतील शिशाच्या बॅटरीचें वजन सुमारें ४१० किलोग्रॅम! एवढें ओझें वाहूनही एका दमांत सुमारें ५० किलोमीटरच जावयाचें, आणि मग पुन्हां वीज भरीत बसावयाचें. मोठी बॅटरी घातली तर ती स्वतःचाच भार ओढण्यांत खर्ची पडणार.

येथें पोर्श यांनीं प्रश्नच उलटा केला. वीज बरोबर न्यावयाची कशाला? ती वाटेंतच तयार करावी. त्यांनीं गाडींत पेट्रोलचीं दोन लहान इंजिनें बसविलीं. परंतु तीं चाकांस जोडलीं नाहींत. प्रत्येक इंजिन एकेक जनित्र फिरवी, जनित्राची वीज चाकांतील मोटरांस मिळे, आणि उरलेली बॅटरींत सांठे. बॅटरी त्यामुळें पुष्कळ लहान करतां आली. इंजिनें बंद ठेवून केवळ बॅटरीवरही कांहीं अंतर जातां येई. या गाडीचें लॅटिन नांव होतें ‘सेंपर व्हिवुस’, म्हणजे सदासजीव.

गाडी मात्र जड व महाग होती. तिच्या सुधारलेल्या आवृत्तीसही गिऱ्हाइकें थोडींच मिळालीं. त्या काळीं पेट्रोल स्वस्त होतें, हेंही ध्यानांत घ्यावें. १९०६ सालीं पोर्श ऑस्ट्रो-डाइम्लर कंपनींत गेले. पहिल्या महायुद्धांत त्यांनीं हीच कल्पना सैन्याच्या अवजड तोफा ओढण्यास वापरली: पुढच्या गाडींतील वीज मागील डब्यांच्या चाकांपर्यंत नेली.

१९३१ सालीं त्यांनीं स्टुटगार्ट येथें स्वतःची कचेरी काढली. तीन वर्षांनीं हिटलरच्या राजवटीकडून सामान्य लोकांस परवडेल अशी मोटार आंखण्याचें काम त्यांजकडे आलें. यापुढील भाग लिहितांना आमची लेखणी अडखळते. १९३७ सालीं ते नाझी पक्षांत शिरले. त्यांनीं आंखलेल्या मोटारीसाठीं उभारलेल्या कारखान्यांत युद्धकाळीं युद्धकैदी व छळछावण्यांतील बंदी यांना सक्तीनें राबविण्यांत आलें. आणि त्या कारखान्याच्या चालकांपैकीं पोर्श एक होते. केवळ यंत्रांतच मन गुंतलें होतें, ही सबब आम्हांस पुरेशी वाटत नाहीं. युद्धानंतर, १९४५ च्या डिसेंबरांत, फ्रेंचांनीं त्यांना पकडलें व सुमारें वीस महिने तुरुंगांत ठेविलें. ता. ३० जानेवारी १९५१ रोजीं स्टुटगार्ट येथें त्यांचें निधन झालें.

१९९७ सालीं जपानच्या टोयोटा कंपनीनें ‘प्रियस’ ही गाडी विक्रीस काढली, तेव्हां पेट्रोल-विजेची ती जोडी पुन्हां रस्त्यावर आली. मूळची सदासजीव गाडी मात्र आज अस्तित्वांत नाहीं. २०११ सालीं तिची एक चालती प्रतिकृति बनविण्यांत आली.