विश्लेषण : उजवा हात निकामी, तरी डाव्या हाताने दोन ऑलिम्पिक सुवर्णे… पहिले पिस्तूल निवडताना कारोय टाकाच का आठवावेत?

नेमबाजी शिकायला निघालेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पिस्तूल कोणते घ्यायचे? हंगेरीच्या कारोय टाकाच यांना या प्रश्नाचे उत्तर आयुष्यात दोनदा शोधावे लागले. एकदा उजव्या हातासाठी आणि तो हात निकामी झाल्यावर पुन्हा डाव्या हातासाठी. दुसऱ्या उत्तराने त्यांना ऑलिम्पिकची दोन सुवर्णपदके मिळवून दिली.

कोण होते टाकाच?

कारोय टाकाच यांचा जन्म २१ जानेवारी १९१० रोजी बुडापेस्टमध्ये झाला. ते हंगेरीच्या लष्करात दाखल झाले आणि तिथेच पिस्तूल नेमबाजीत पुढे आले. वयाच्या पंचविशीत त्यांची गणना जागतिक दर्जाच्या नेमबाजांत होत होती. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकसाठी त्यांचे नाव पुढे असायला हवे होते, पण त्यांना संघात घेतले गेले नाही.

बर्लिनची संधी का हुकली?

कारण नेम नव्हे, तर हुद्दा. टाकाच सार्जंट होते आणि हंगेरीच्या लष्करातून फक्त कमिशन्ड अधिकाऱ्यांनाच स्पर्धेत उतरण्याची मुभा होती. बर्लिन ऑलिम्पिकनंतर हा नियम उठला. टाकाच यांनी १९४०च्या ऑलिम्पिकवर लक्ष केंद्रित केले.

१९३८मध्ये काय घडले?

लष्करी सरावादरम्यान एक सदोष हातबॉम्ब त्यांच्या उजव्या हातातच फुटला. ज्या हाताने ते नेम धरत, त्याच्या चिंधड्या झाल्या. महिनाभर ते रुग्णालयात होते. बाहेर आल्यावर त्यांनी कुणाला फारसे न सांगता डाव्या हाताने सराव सुरू केला. १९३९च्या वसंत ऋतूत राष्ट्रीय स्पर्धेच्या ठिकाणी ते दिसले, तेव्हा सहकाऱ्यांना वाटले, गडी सामने बघायला आला आहे. ते स्पर्धेत उतरले आणि जिंकले. त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या हंगेरीच्या रॅपिड फायर पिस्तूल संघातही ते होते.

हात बदलणे इतके अवघड का?

थोडे गणित करून पाहू. पिस्तुलाच्या मागच्या बाजूला खाच असते आणि नळीच्या टोकाला माशी. या दोन्हींत साधारण २२ सेंटिमीटर अंतर धरू. नेम धरताना माशी खाचेच्या मध्यापासून अवघी एक मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे ११ सेंटिमीटर भरकटते. आजच्या रॅपिड फायर लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळच १० सेंटिमीटर व्यासाचे आहे. म्हणजे एका मिलिमीटरची चूक झाली, तर दहा गुण हुकलेच. मनगट, बोटे आणि खांदा यांना ही सूक्ष्म शिस्त लावायला वर्षे लागतात. टाकाच यांना ती नव्याने लावावी लागली, तीही आयुष्यभर दुय्यम कामे केलेल्या हाताला.

मग पुन्हा युद्ध आडवे आले?

होय. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ अशी दोन्ही ऑलिम्पिक रद्द झाली. १९४८मध्ये लंडनला स्पर्धा भरल्या, तेव्हा टाकाच ३८ वर्षांचे होते. अर्जेंटिनाचे कार्लोस दियास साएन्स वालियेन्ते १९४७चे विश्वविजेते होते आणि तेच सुवर्णाचे दावेदार मानले जात. स्पर्धेआधी त्यांनी टाकाच यांना लंडनला कशासाठी आलात असे विचारले आणि टाकाच यांनी शिकायला आल्याचे सांगितले, असा किस्सा नेमबाजीच्या वर्तुळात आजही सांगितला जातो. निकाल असा लागला : टाकाच ५८० गुण, दियास ५७१. सुवर्ण तर मिळालेच, शिवाय आधीच्या विश्वविक्रमात १० गुणांची भर पडली.

चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी ५७९ गुणांसह सुवर्ण राखले. या वेळी फरक फक्त एका गुणाचा होता आणि रौप्यपदक त्यांचेच शिष्य सिलार्ड कुन यांना मिळाले. या प्रकारात ऑलिम्पिक सुवर्ण राखणारे टाकाच पहिले नेमबाज ठरले. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये, वयाच्या ४६व्या वर्षी, ते आठवे आले. त्यांच्या नावावर ३५ राष्ट्रीय विजेतेपदे आहेत. लष्करातून ते लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले आणि ५ जानेवारी १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.

रॅपिड फायर म्हणजे नेमके काय?

नेमबाजासमोर २५ मीटरवर पाच लक्ष्ये असतात. हात खाली ठेवून उभे राहायचे, इशारा मिळताच हात उचलायचा आणि पाचही लक्ष्यांवर एकेक गोळी झाडायची. त्यासाठी आधी आठ सेकंद मिळतात, मग सहा आणि शेवटी फक्त चार. अशा एकूण ६० गोळ्या, कमाल ६०० गुण. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताच्या विजय कुमार यांनी याच प्रकारात रौप्यपदक जिंकले. तेव्हा ते लष्करात सुभेदार होते. फक्त बड्या हुद्द्यांनाच संधी देणारा नियम असता, तर तेही पदक दिसले नसते.

.२२ पिस्तूलच का वापरतात?

.२२ म्हणजे नळीचा व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर. बोलताना आपण पॉइंट टू-टू म्हणतो. याची गोळी साधारण अडीच ग्रॅमची, तर ९ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी सात-आठ ग्रॅमची असते. गोळी हलकी म्हणून हाताला बसणारा धक्का कमी आणि नळी फार उसळत नाही. चार सेकंदांत पाच वेळा नेम धरायचा असेल, तर हे महत्त्वाचेच. नवशिक्याला आणखी एक फायदा होतो. मोठ्या धक्क्याची भीती बसली की चाप दाबण्याआधीच हात दचकतो. एकदा लागलेली ही सवय मोडायला फार वेळ जातो.

नवशिक्याने काय बघावे?

सगळ्यात आधी मूठ. स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ तळव्याच्या आकाराला धरून कोरलेली असते आणि ती उजव्या किंवा डाव्या अशा एकाच हाताची असते. उजव्या हाताची मूठ डावखुऱ्याला बसत नाही. मोठ्या मापाची मूठ असेल, तर तर्जनी चापावर सरळ मागे दाब देऊ शकत नाही आणि गोळी बाजूला जाते. दुसरा मुद्दा चापाचा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५ मीटर प्रकारात चापाचा दाब किमान एक किलो असावा लागतो. तो दर वेळी सारखाच आणि स्वच्छ सुटणारा हवा. तिसरा मुद्दा वजनाचा. नियमाची मर्यादा १४०० ग्रॅम आहे, पण ताणलेल्या हाताला जे तासभर पेलवेल, तेच वजन आपले.

भारतात .२२ पिस्तुलासाठी शस्त्र परवाना लागतो. त्यामुळे बहुतेक जण १० मीटर एअर पिस्तुलापासून सुरुवात करतात. २५ मीटर पिस्तुलात विश्वचषकाचे आणि आशियाई स्पर्धेचे सुवर्ण जिंकणाऱ्या राही सरनोबत कोल्हापूरच्याच. त्यामुळे हा खेळ आपल्याला परका नाही. खरेदीआधी क्लबमधली दोन-तीन पिस्तुले प्रशिक्षकासमोर हातात धरून पाहावीत. डोळे मिटून हात उचलावा, मग डोळे उघडावेत. माशी खाचेत आपोआप बसलेली दिसली, तर ते पिस्तूल तुमच्या हाताचे आहे. माशी सारखी एकाच बाजूला जात असेल, तर किंमत किंवा कंपनी बघून मोह धरू नये. पिस्तूल बदलता येते. हाताला नवी सवय लावणे किती कष्टाचे असते, हे टाकाच यांच्याइतके क्वचितच कुणाला कळले असेल.