सेकंड क्लासवाला स्ट्रॅची

जावाच्या प्रॅक्टिकलला मी होस्टेलच्या यादीचा प्रोग्रॅम लिहीत होते. 'विद्यार्थी' हा मुख्य क्लास आणि त्याचा वारस 'एफई'. प्रत्येक एफईवाला विद्यार्थी असतोच, मग एफईंची यादी म्हणजे विद्यार्थ्यांची यादीच की! पण कंपायलर काही ऐकेना. एररवर एरर. शेवटी वैतागून, हे जेनेरिक्सचं खूळ काढलं कोणी, ते शोधायला लायब्ररीत गेले. तिथे मला ख्रिस्तोफर स्ट्रॅची भेटला.

स्ट्रॅचीचा जन्म १९१६ चा, लंडनचा. घराणं हुशार लोकांचं, लेखक लिटन स्ट्रॅची हा त्याचा काका. साहजिकच अपेक्षा भरपूर. पण केंब्रिजला शिकताना हा मनाने पार कोलमडला आणि शेवटी कसाबसा सेकंड क्लास मिळाला. रिसर्चचं स्वप्न तिथेच राहिलं. युद्धकाळात कंपनीत नोकरी, मग शाळेत मास्तरकी. कॉम्प्युटरशी खरी गाठ पडली ती १९५१ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी! तेव्हा तो हॅरो शाळेत शिकवत होता. त्याने सुट्टीत ड्राफ्ट्स हा पटावरचा खेळ खेळणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. पहिल्या मशीनवर मेमरी पुरली नाही. मग मँचेस्टरच्या मशीनवर पुन्हा लिहिला आणि १९५२ च्या उन्हाळ्यापर्यंत तो पूर्ण डाव खेळू लागला. त्याच वर्षी शाळा सुटली आणि स्ट्रॅची कायमचा कॉम्प्युटरचा झाला. पुढे केंब्रिजमध्ये तो सीपीएल या भाषेवर काम करत होता. तिच्यापासून बीसीपीएल, मग बी आणि मग आपली सी!

आता १९६७ साल बघा. मे महिन्यात नॉर्वेच्या डाल आणि नायगार्ड यांनी सिम्युला भाषेतली क्लास-सबक्लासची कल्पना मांडली. म्हणजे आपलं इनहेरिटन्स. आणि ऑगस्टमध्ये कोपनहेगनला स्ट्रॅचीने लेक्चर्स दिली. एकच फंक्शन कुठल्याही टाइपच्या यादीवर तसंच्या तसं चालतं, या गुणाला त्याने पॅरामेट्रिक पॉलिमॉर्फिझम असं नाव दिलं. जेनेरिक्सचं मूळ ते हेच. दोन्ही कल्पना एकाच वर्षी जगापुढे आल्या, पण वेगवेगळ्या घरांत. जावात त्यांचा एकत्र संसार सुरू व्हायला २००४ उजाडलं.

आणि या संसारात भांडण होतं ते माझ्या यादीवरून. समजा, एफईंची यादी मी 'विद्यार्थ्यांची यादी' म्हणून कुणाच्या हातात दिली. तो त्यात बीईचा एखादा दादा टाकेल, कारण दादाही विद्यार्थीच ना! मग एफईच्या विंगमध्ये बीईवाला... पुढचं सांगायला नको! म्हणून कंपायलर दारातच अडवतो. जावाचे ॲरे मात्र कंपाइल होताना गप्प राहतात आणि प्रोग्रॅम चालू असताना आपटतात. यादी नुसती वाचायची असेल तर उपाय आहे. यादीचा टाइप लिहिताना 'विद्यार्थी' ऐवजी प्रश्नचिन्ह, मग एक्स्टेंड्स, मग विद्यार्थी असं लिहायचं. याचा अर्थ, विद्यार्थी किंवा त्याचा कुठलाही वारस. नावं वाचता येतात, नवीन घुसवता येत नाही. मी तेच केलं आणि प्रोग्रॅम चालला.

स्ट्रॅचीने हे काही पाहिलं नाही. १९६५ मध्ये त्याने ऑक्सफर्डला प्रोग्रॅमिंगचा रिसर्च ग्रुप सुरू केला, १९७१ मध्ये प्रोफेसर झाला आणि १९७५ मध्ये काविळीने गेला. कोपनहेगनच्या नोट्स हातोहात फिरत राहिल्या. जर्नलमध्ये छापून आल्या त्या २००० साली, तो जाऊन २५ वर्षं झाल्यावर!

दर रिझल्टला आपल्या होस्टेलवर कुणीतरी दार लावून बसतं. सेकंड क्लास आला, आता संपलं सगळं, असं म्हणत. मित्रांनो, अशा वेळी त्या दारावर टकटक करा, आत जाऊन बसा आणि हॅरोच्या या मास्तरची गोष्ट सांगा. मार्कशीटवरचा क्लास माणसाने जन्मभर इनहेरिट करायलाच हवा असं थोडंच आहे?