घड्याळातल्या कॅलरी आणि बुधचे सुखात्मे

गेल्या महिन्यातली गोष्ट. मी आणि माझा एक मित्र सकाळी इचलकरंजीच्या नदीघाटाच्या रस्त्याला पाच किलोमीटर पळालो. दोघांचं वजन साठच्या आसपास, पळालोही शेजारी-शेजारी. थांबल्यावर त्याच्या मनगटावरचं घड्याळ म्हणालं ४१२ कॅलरी, माझं म्हणालं २८६. त्या हिशोबाने त्याने मिसळीबरोबर जादा पाव मागवला आणि मी गप्प चहा घेतला.

खरं कोणाचं घड्याळ? हा प्रश्न ज्यांना विचारायला हवा होता ते गृहस्थ १९९७ सालीच गेले. त्यांनी स्मार्टवॉच पाहिलं नाही. पण माणूस दिवसाला किती ऊर्जा खर्च करतो, ती मोजताना आपण कुठे फसतो आणि त्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, यात त्यांनी आयुष्याचा मोठा भाग घातला. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. आपल्या जवळच्याच सातारा जिल्ह्यातले, खटाव तालुक्यातल्या बुध गावचे. जन्म २७ जुलै १९११.

योगायोग बघा, त्याच १९११ साली इंग्लंडमध्ये डग्लस नावाच्या शास्त्रज्ञाने एक साधी पिशवी जगापुढे ठेवली. माणसाने ती पाठीला बांधायची, तोंडात नळी धरायची आणि चालताना, जिना चढताना, काम करताना सोडलेला श्वास त्या पिशवीत भरायचा. नंतर पिशवीतली हवा मोजायची आणि तिच्यात प्राणवायू किती उरलाय ते बघायचं. शरीराने एक लिटर प्राणवायू वापरला की साधारण पाच कॅलरी खर्च होतात. (आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी, पण सगळेच तसं म्हणतात, म्हणून आपणही म्हणू.) आजही व्यायामातला खर्च नीट मोजायचा तर श्वासच मोजावा लागतो. मनगटावरचं घड्याळ श्वास मोजत नाही. ते नाडीचे ठोके आणि हाताची हालचाल बघतं, तुम्ही भरलेलं वय, वजन, उंची घेतं आणि अंदाज बांधतं. २०१७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात साठ माणसांवर अशी सात यंत्रं तपासली. सातातल्या सहांची नाडी बरीचशी बरोबर निघाली. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगलं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के!

पण सुखात्म्यांची सुरुवात कॅलरीपासून झाली नाही. ते गणिताचे. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९३२ ला पदवी, मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्र. तेव्हा तिथे फिशर, नेमन, एगॉन पिअरसन असे एकाहून एक दिग्गज एकाच आवारात होते. १९३६ ला पीएच.डी. घेऊन भारतात परतल्यावर त्यांनी काही काळ कलकत्त्यात शिकवलं. १९४० पासून दिल्लीच्या शेती संशोधन परिषदेत ते संख्याशास्त्राचं काम बघू लागले.

इथे त्यांना पहिला मोठा धडा मिळाला, तोही शेतात. देशात गहू किती, भात किती पिकला हे कळायला पीक कापणी प्रयोग करतात. आता पीक विम्यामुळे हा शब्द गावागावांत माहीत आहे. शेतात कुठेतरी एक छोटा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, वजन करायचं आणि त्यावरून सगळ्या शेताचा अंदाज काढायचा. तुकडा किती मोठा घ्यायचा? कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस छोट्या तुकड्यांच्या बाजूचे होते. काम झटपट होतं, खर्च कमी. सुखात्म्यांनी लहान-मोठे तुकडे शेजारी-शेजारी कापून बघितले आणि १९४६ मध्ये नेचर या नियतकालिकात निष्कर्ष मांडला की तुकडा फार छोटा घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं. कारण काठावर आहे. रेघेवरची रोपं आत धरायची की बाहेर? कापणारा माणूस नकळत आत धरतो. तुकडा जितका छोटा, तितका आतल्या पिकाच्या मानाने काठ जास्त, आणि तितकी ही चूक मोठी. वाईट म्हणजे असे हजार तुकडे कापले तरी ती जात नाही, कारण सगळ्या चुका एकाच बाजूला झुकलेल्या असतात.

जिममध्ये आपण हेच करतो. ट्रेडमिलवर दहा मिनिटं जीव तोडून पळायचं, पडद्यावरचा आकडा बघायचा, त्याला सहाने गुणायचं आणि तासाभराचा व्यायाम म्हणून मोकळं व्हायचं. सेटच्या मध्ये बेंचवर बसून रील बघितलेली वीस मिनिटं त्या हिशोबात कुठेच नसतात.

१९५१ ला सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला गेले. पुढची जवळजवळ वीस वर्षं जगाच्या भुकेचे आकडे त्यांच्या विभागातून निघत होते. त्या काळी जगातली दोन तृतीयांश माणसं उपाशी आहेत, असं सर्रास बोललं जायचं. सुखात्म्यांनी १९६१ मध्ये हिशोब मांडला की पोटाला सरळसरळ कमी पडणारी माणसं दहा ते पंधरा टक्के आहेत. अन्नाचा कस कमी पडणारे धरले तर आकडा जगाच्या निम्म्यापर्यंत जातो. भूक छोटी करून दाखवली म्हणून काहींना हे पटलं नाही. मला त्यात त्यांचा शेतातला बाणाच दिसतो. आकडा आपल्या बाजूचा आहे म्हणून फुगलेला चालेल, असं त्यांना मंजूर नव्हतं.

आता मूळ गोष्ट. कॅलरीची गरज ठरवताना त्या काळातले तज्ज्ञ एक नमुन्याचा पुरुष धरायचे: वय २५, वजन ६५ किलो, तब्येत ठणठणीत, रोज ३,२०० कॅलरी. बाकी सगळ्यांचा हिशोब त्याच्यावरून. तुमच्या घड्याळाच्या आतही असाच कोणीतरी सरासरी माणूस बसलेला असतो. सुखात्म्यांनी विचारलं, एकाच माणसाला तरी रोज सारखं लागतं का? ब्रिटिश सैन्यातल्या नव्या जवानांच्या खाण्याची आणि खर्चाची दिवसवार मोजमापं उपलब्ध होती. कवायत ठरलेली, दिनक्रम ठरलेला. तरी एकाच जवानाचं खाणं आणि खर्च यांचा मेळ एका दिवसात बसत नव्हता. आठवड्याची सरासरी काढली तरी ती हलत होती. सुखात्म्यांचं म्हणणं, ही मोजणाऱ्याची चूक नाही. शरीर स्वतःच कमी-जास्त करून आपला तोल सांभाळतं. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या शेल्डन मार्गन यांच्यासोबत त्यांनी हा सिद्धांत मांडला.

हा फरक त्यांनी साधारण पंधरा टक्के धरला. आपल्या भाषेत, दिवसाला २,४०० कॅलरी लागणाऱ्या माणसात ३६० कॅलरींची खालीवर ही नेहमीची बाब. आमचं पाच किलोमीटर पळणं किती? पळण्याचा ढोबळ हिशोब म्हणजे एका किलोमीटरला दर किलो वजनामागे एक कॅलरी. साठ किलो गुणिले पाच, झाले तीनशे. म्हणजे घड्याळ अगदी अचूक असतं तरी पळण्याचा अख्खा खर्च या रोजच्या खालीवरमध्ये बुडून जाऊ शकतो. एका दिवसाच्या आकड्यावर जादा पाव ठरवणं म्हणजे वीतभर तुकड्यावरून तालुक्याचं पीक ठरवणं.

इथपर्यंत सगळं छान. पण कॅलरीचा आकडा जिमपुरता राहत नाही, आणि इथेच सुखात्मे वादात सापडले. १९७१ मध्ये, ज्या वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं, पुण्यातच वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी २,२५० कॅलरी हा निकष धरून देशातली गरिबी मोजली. पुढे नियोजन आयोगाने खेड्यात २,४०० आणि शहरात २,१०० कॅलरींवर दारिद्र्यरेषा बसवली. निवृत्तीनंतर पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करणारे सुखात्मे म्हणाले, सरासरीच्या खाली आहे म्हणून प्रत्येकाला उपाशी का धरता? शरीराची स्वाभाविक खालीवर सोडून रेषा आखा. म्हणजे २,४०० मधून दोनदा ३६० वजा, १,६८०. एवढ्याने कोट्यवधी माणसं कागदावर उपाशी राहत नाहीत. दांडेकर खवळले. पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनीही कडाडून विरोध केला. कमी खाऊन शरीर तगतं, पण त्याची किंमत उंचीत, वजनात आणि कामाच्या ताकदीत मोजावी लागते, हे त्यांचं म्हणणं.

माझं मत विचाराल तर मोजमापात सुखात्मे बरोबर होते, रेषेत नव्हते. खालीवर म्हणजे आज कमी, उद्या जास्त. आपल्या गावात यंत्रमागावर बारा तासांची पाळी उभ्याने काढणारा कामगार वर्षानुवर्षं कमीच खात असेल तर ती खालीवर नव्हे. त्याच्या मनगटावर कोणी घड्याळ बांधत नाही, आणि बांधलं तरी त्यातला सरासरी माणूस त्याच्यासारखा नसणार.

त्यांचा आणखी एक हट्ट मात्र इचलकरंजीकरांना पटायला अडचण नाही. खाल्लेलं सगळं अंगी लागतं हे कशावरून, असं ते विचारत. पाणी घाण असेल, पोटात जंत असतील, सारखी हगवण असेल, तर ताटातल्या कॅलरी मोजून उपयोग नाही. आधी स्वच्छ पाणी आणि संडास द्या, यावर त्यांनी उतारवयात फार जोर दिला. २०१२ ची कावीळ आठवत नसेल तर घरी विचारा.

२८ जानेवारी १९९७ ला पुण्यात सुखात्मे गेले. त्यांचे चिरंजीव सुहास सुखात्मे तेव्हा आयआयटी मुंबईचे संचालक होते.

आम्ही दोघं अजून पळतो. घड्याळं तीच आहेत, आकडेही तसेच वेगळे येतात. फक्त आता दर रविवारी सकाळी, काही खायच्या आधी, एकाच काट्यावर वजन करतो आणि वहीत लिहितो. पाच रविवार झाले. मित्राचं वजन आठशे ग्रॅमने वाढलंय, माझं जिथल्या तिथे. जादा पावाचा विषय त्याने अजून काढलेला नाही.